८४ पैकी ३१ : परत आलेल्या नॅच मागण्यांचे एक प्रकरण

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. दिवाळी उरकून सगळे कामावर परतले होते. बँकेचे स्टेटमेंट टॅलीशी, म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी, जुळवायला बसलो, तर टॅलीतली शिल्लक १३,७४,६०० रुपयांनी जास्त निघाली. एवढा फरक एखादा आकडा चुकीचा टाकल्याने पडत नाही. स्टेटमेंट खालून वर वाचत गेलो आणि ती रक्कम एकाच ओळीत सापडली : नॅच डेबिट रिटर्न, ३१ नोंदी, तारीख १० नोव्हेंबर. नॅच म्हणजे नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाऊस, दुसऱ्याच्या खात्यातून त्याच्या परवानगीने परस्पर वसुली करण्याची बँकांची यंत्रणा.

आमची पेढी पशुखाद्याची वितरक आहे. आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यातल्या गावोगावच्या दुकानदारांना आम्ही गोळीपेंड, सरकी पेंड आणि मका भरडा पुरवतो. दुकाने बहुतेक एकट्याच्या मालकीची, काही तर दूध संकलन केंद्राला भिंतीला भिंत लागून. पूर्वी वसुली चेकने व्हायची. चेक गोळा करायला एक माणूस मोटारसायकलवर आठवडाभर फिरायचा, आणि त्यातला एखादा वटला नाही की पुन्हा तेच गाव. २०२२ मध्ये आम्ही या दुकानदारांकडून, म्हणजे आमच्या डीलरांकडून, नॅचचे मॅन्डेट घेतले.

मॅन्डेट म्हणजे डीलरने एकदाच दिलेली परवानगी : माझ्या या खात्यातून, एका वेळी जास्तीत जास्त इतकी रक्कम, ही पेढी मागेल तेव्हा द्यावी. त्याच्या बँकेने ती मान्य केली की २० अक्षरी क्रमांक मिळतो, त्याला यूएमआरएन म्हणतात. पुढे दर खेपेला आम्ही मागण्यांची फाईल आमच्या बँकेला देतो. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून प्रत्येक डीलरच्या बँकेत पोचते. ती बँक एकतर पूर्ण रक्कम देते, नाहीतर कारणाचा कोड लावून मागणी परत पाठवते. निम्मी रक्कम आज आणि निम्मी उद्या, अशी सोय त्यात नाही. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे त्याचाच फटका बसलेला दिसेल.

१० नोव्हेंबरच्या फाईलमध्ये ८४ मागण्या होत्या, एकूण ३६,१२,४०० रुपयांच्या. एरवी दहा-बारा परत यायच्या आणि आम्ही त्या पुन्हा लावायचो. या वेळी ३१ आल्या. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे त्या परत आल्याचे आम्हाला दोन दिवस कळलेच नाही, आणि मधल्या सोमवारी गोडाऊनमधून त्यातल्या नऊ डीलरांना नवा माल रवाना झाला होता.

कळले का नाही, ते आधी सांगतो. बँक रिटर्न फाईल त्याच रात्री ई-मेलने पाठवते. आम्ही दिलेला ई-मेल पत्ता होता ऑगस्टमध्ये नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा. फाईल वेळेवर आली होती, उघडणारे कोणी नव्हते. दुसरी चूक नोंदीची. मागण्यांची फाईल बँकेत चढवली की त्याच दिवशी सगळ्या ८४ डीलरांच्या खात्यावर रक्कम जमा दाखवायची, अशी पद्धत पडून गेली होती. चेकच्या काळात चेक हातात आला की जमा करायचो, तीच सवय पुढे चालू राहिली. परिणाम असा की डीलरचे येणे शून्य दिसले, त्याची उधारीची मर्यादा मोकळी झाली, आणि गोडाऊनच्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढे हिरवी खूण आली. गोडाऊनवाल्याने गाडी भरली, त्यात त्याची काही चूक नाही.

त्या दिवशी दुपारी पहिला बदल केला तो इथे. टॅलीत ‘नॅच वाटेत’ नावाचे एक मधले खाते उघडले. बँकेने ३६,१२,४०० जमा केले की ते या खात्यात जमा. रिटर्नचे १३,७४,६०० बँकेने काढून घेतले की ते याच खात्याला नावे. उरलेले २२,३७,८०० रिटर्न फाईल पाहून ५३ डीलरांच्या खात्यांवर एकेक करून वळते. शेवटी ‘नॅच वाटेत’ची शिल्लक शून्य आलीच पाहिजे. ती शून्य होईपर्यंत कोणत्याही डीलरचे येणे कमी होत नाही, आणि येणे कमी झाल्याशिवाय गाडी भरत नाही. रिटर्नचा ई-मेल आता तिघांना जातो, त्यातला एक गोडाऊनचा.

कारणे वेगळी करून पाहिली तेव्हा

इतके दिवस आम्ही रिटर्न फाईलमध्ये फक्त नाव आणि रक्कम पाहायचो. कारणाचा रकाना कोणी वाचत नसे. परत आली, पुन्हा लावा, इतकेच. त्या दिवशी ३१ ओळी कारणानुसार लावल्या. खात्यात पैसे अपुरे : १९. मॅन्डेटच्या कमाल रकमेपेक्षा मागणी मोठी : ५. केवायसी प्रलंबित : ३. खातेदाराने मॅन्डेट रद्द केले : २. खाते क्रमांक जुळत नाही : १. खातेदार मयत : १.

शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो. तो डीलर आमच्याकडे नॅचच्याही आधीपासूनचा. ऐन दिवाळीत तो गेला होता, आणि आमच्या कार्यालयात कोणालाच खबर नव्हती. पण रिटर्न आली की डीलरच्या मोबाईलवर आपोआप एसएमएस जायचा, ‘आपली मागणी परत आली असून दंड आकारला जाईल’ असा. रविवारी रात्रीच तो तिकडे पोचला होता. घरात अजून तेराव्याची तयारी चालू असताना मुलाने वडिलांच्या फोनवर तो वाचला. हे मला त्याने फोनवर सांगितले. आवाज चढवला नाही, फक्त सांगितले. त्या संध्याकाळी आपोआप जाणारे सगळे एसएमएस मी बंद केले. आता रिटर्न आली की आधी कारण वाचले जाते, मग माणूस फोन करतो.

उरलेल्या तीस मागण्यांकडे पाहताना आमची खरी चूक उमगली. पुन्हा मागणी लावणे हा उपाय फक्त पैसे अपुरे असतील तेव्हाच लागू पडतो, आणि तेव्हाही पैसे खात्यात येणार असतील त्या दिवशीच. केवायसी अडकली असेल तर दहा वेळा लावा, दहा वेळा परत येईल. कमी जोखमीच्या खात्यालाही दर १० वर्षांनी केवायसी नव्याने द्यावी लागते. त्या तीन डीलरांना बँकेकडून आलेले संदेश जाहिरातीचे वाटले होते. आमच्या माणसाने त्यांना आधार, पॅन आणि दुकानाचा परवाना घेऊन शाखेत जायला सांगितले, आठवड्यात तिन्ही खाती मोकळी झाली.

खाते क्रमांक न जुळलेली एक मागणी मात्र सर्वस्वी आमची. त्या डीलरच्या बँकेचा खाते क्रमांक १६ अंकी. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच धरते, सोळाव्याच्या जागी शून्य टाकते. ऑक्टोबरअखेर कोणीतरी यादी नव्या शीटमध्ये चिकटवताना रकाना आधी टेक्स्ट केला नव्हता. ७ ने संपणारा क्रमांक ० ने संपला. आता यादीच्या पहिल्या ओळीत लाल अक्षरांत सूचना आहे, आणि फाईल चढवण्याआधी गेल्या खेपेच्या खाते क्रमांकांशी ताळा घेतला जातो.

कमाल रकमेच्या पाच मागण्यांवर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. या डीलरांच्या मॅन्डेटची मर्यादा ५०,००० होती. दिवाळीआधी त्यांनी जास्त माल उचलला, बिल साठ-बासष्ट हजारांवर गेले. एका सहकाऱ्याने सुचवले की मर्यादा प्रत्येक मागणीला असते, तर ६२,००० चे दोन तुकडे करून ३१,००० च्या दोन मागण्या लावू. यंत्रणेने त्या कदाचित घेतल्याही असत्या. मी नको म्हटले. त्या माणसाने सही केली तेव्हा ‘एका खेपेला पन्नास हजारांवर जाणार नाही’ असे आम्हीच त्याला दुकानात बसून समजावले होते. तो त्याच हिशेबाने खात्यात पैसे ठेवतो. पाचही जणांनी ती रक्कम एनईएफटीने भरली आणि एक लाखाच्या मर्यादेचे नवे मॅन्डेट दिले.

पैसे कुठे होते

आता एकोणीस अपुऱ्यांविषयी. घोडे पेंड खात होते ते इथेच.

आमच्या भागात गावचा पैसा दुधाच्या पगारावर चालतो. पगार दहा दिवसांचा : १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. दहावा दिवस संपला की दूध संघ हिशेब करतो आणि तीन ते पाच दिवसांनी पैसे सोडतो. शेतकरी पेंडीचे पोते उधारीवर नेतो आणि ती रक्कम त्याच्या पगारातून कपात होऊन दुकानदाराला मिळते. म्हणजे २१ ते ३१ ऑक्टोबरला दुकानदाराने उचललेला माल विकला जाणार नोव्हेंबरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत, आणि त्याचे पैसे येणार १३ ते १६ नोव्हेंबरला. आम्ही मागणी लावत होतो १० तारखेला. पैसा दारात यायच्या तीन दिवस आधी दार वाजवत होतो, दोन वर्षे. एरवी डीलर इकडचे तिकडचे करून भागवायचे. या वेळी संघांनी दिवाळीसाठी दिलेली उचल मागच्या पगारातून वळती झाली, त्यामुळे हाताशी काही उरले नाही. त्या हंगामात गाईच्या दुधाला संघाने लिटरमागे २८ रुपये द्यायचे आणि सरकारी अनुदानाचे ७ रुपये थेट शेतकऱ्याच्या खात्यात, अशी व्यवस्था होती. पेंडीची कपात होणार ती संघाच्या पैशातूनच, अनुदान दुकानदाराच्या वाटेवर येत नाही.

शिवाय १० नोव्हेंबर रविवार. दोन-तीन डीलरांनी मला विचारले, “साहेब, रविवारी बँक बंद असते ना? मग खात्याला हात कसा लागला?” १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. त्याआधी रविवारची मागणी कामाच्या दिवशी सरकायची. हे त्यांना आम्हीच सांगायला हवे होते. पुढची फाईल २० नोव्हेंबरला जायची होती, तो विधानसभेच्या मतदानाचा दिवस. मी ती थांबवली.

तोपर्यंत एक नुकसान होऊन गेले होते. परत आलेल्या मागण्या दोन दिवसांच्या अंतराने आपोआप पुन्हा लागाव्यात अशी आमची ठरलेली रीत होती, आणि १२ तारखेची फाईल मी स्टेटमेंट पाहायच्या आधीच सकाळी चढली होती. १४ ची मी थांबवायला हवी होती. कमाल रकमेच्या पाच मागण्या आणि केवायसीच्या फोनाफोनीत ती माझ्या नजरेतून सुटली. जतकडच्या एका डीलरकडे मी २१ तारखेला स्वतः गेलो, कारण त्याची १८ तारखेची मागणीही परत आली होती, आणि तो शपथेवर सांगत होता की पैसे भरले होते. त्याने काउंटरवरच्या पोत्यावर पासबुक उघडून ठेवले. १६ तारखेला दुधाचे पैसे आल्यावर त्याने जवळजवळ रिकाम्या खात्यात ४९,१०० भरले होते. आमची मागणी ४८,६०० ची, पाचशे रुपये वर ठेवलेले. भरल्याच्या खाली लगेच तीन ओळी होत्या. नॅच रिटर्न चार्जेस २५० अधिक जीएसटी ४५, म्हणजे २९५. पुन्हा २९५. पुन्हा २९५. १०, १२ आणि १४ तारखेचे. पैसे आल्याबरोबर त्याच्या बँकेने थकलेले ८८५ रुपये कापून घेतले आणि शिल्लक उरली ४८,२१५. ३८५ रुपये कमी पडले म्हणून अठ्ठेचाळीस हजारांची मागणी परत गेली, आणि त्यावर चौथा २९५ चा भुर्दंड.

त्या दुकानदाराला पोत्यामागे पंचवीस-तीस रुपये सुटतात. ८८५ म्हणजे तीस-पस्तीस पोती उचलून, रचून, विकून मिळालेली कमाई. ती घालवायला कारण तो नव्हता, आमची तारीख होती. चारही खेपांचे ११८० रुपये आम्ही त्याच्या खात्यावर जमा दिले. बाकीच्या अठरांनाही दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेचा भुर्दंड परत केला. शेठना मी पासबुकाचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी एकच विचारले, “सगळ्यांचे धरून किती होतात?” आकडा ऐकून लगेच हो म्हणाले.

एकोणीसपैकी चार जणांचे वेगळेच निघाले. त्यांच्याकडे पैसे होते, पण दुसऱ्या बँकेत. दुकानातला क्यूआर कोड नंतर दुसऱ्या बँकेने लावून दिला, रोजची विक्री तिकडे जमा होते, आणि मॅन्डेट राहिले जुन्या खात्यावर. हप्त्याच्या आदल्या दिवशी इकडचे तिकडे करायला हवे, ते दिवाळीच्या गडबडीत राहून गेले. त्यांना क्यूआरच्या खात्याचे नवे मॅन्डेट द्यायला सांगितले, जुने रद्द केले.

तारीख बदलायला मॅन्डेट बदलावे लागले नाही. फॉर्मवर वारंवारितेच्या जागी आम्ही ‘मासिक’ न लिहिता ‘जेव्हा सादर होईल तेव्हा’ हा पर्याय निवडला होता आणि रक्कम ‘ठरावीक’ऐवजी ‘कमाल’. नशीब तेवढे. नव्या तारखा ७, १७ आणि २७. तीन दिवस आधी प्रत्येक डीलरला व्हॉट्सअॅपवर रक्कम आणि वार कळवायचा, सुट्टी असेल तर तसे स्पष्ट लिहायचे. परत आलेली मागणी आपोआप पुन्हा लागत नाही, डीलर ‘आता लावा’ म्हणेल त्या दिवशी लागते, आणि एका बिलासाठी एकूण दोनदाच. २७ नोव्हेंबरला पहिली फाईल नव्या तारखेने गेली : ८८ मागण्या, ९ परत.

रद्द केलेली दोन मॅन्डेट, आणि एक नोटीस

मॅन्डेट रद्द करणाऱ्या दोघांपैकी एकाने दुकानच बंद करायचे ठरवले होते, त्याचा हिशेब सरळ होता. दुसऱ्याची तक्रार होती. सप्टेंबरच्या पावसात त्याच्याकडे गेलेल्या चाळीस पोत्यांपैकी अकरा पोत्यांना बुरशी लागलेली होती, फोटो त्याने आमच्या विक्री प्रतिनिधीला पाठवले होते, आणि दीड महिना कोणी उत्तर दिले नव्हते. शेवटी तो आपल्या बँकेत गेला आणि मॅन्डेट रद्द करून आला. आमच्यात काहींना तो उद्धटपणा वाटला. मला वाटत नाही. परवानगी त्याची, ती मागे घेण्याचा हक्कही त्याचा, आणि आमचे लक्ष वेधायला त्याच्यापाशी दुसरे साधन उरले नव्हते. अकरा पोत्यांची क्रेडिट नोट दिली. उरलेली रक्कम त्याने दुसऱ्या दिवशी भरली, नवे मॅन्डेट मात्र जानेवारीपर्यंत दिले नाही. तेवढे दिवस आम्ही त्याच्याकडून एनईएफटी घेतली.

कायद्याची वाट एकाच ठिकाणी धरली. एकोणीसपैकी एक डीलर सलग तिसऱ्यांदा अपुरा पडला होता, फोन उचलत नव्हता, आणि दुसऱ्या कंपनीचा माल रोखीने उचलत असल्याचे गावातून कळले. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली खात्यात पैसे अपुरे असल्याने इलेक्ट्रॉनिक मागणी परत येणे हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याला मुदती आहेत. मागणी परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी, आणि ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. आमच्या वकिलांनी ३० दिवस १० नोव्हेंबरपासूनच मोजले. आम्ही १२ ला पाहिले, पण ई-मेल १० च्या रात्री येऊन पडला होता आणि पत्ता आम्हीच दिलेला होता. बंद पडलेल्या मेलबॉक्सचे दोन दिवस असे इथेही नडले. मॅन्डेटची प्रत, डीलरच्या सहीची चलने आणि बँकेचा रिटर्न मेमो जोडून २ डिसेंबरला नोटीस गेली. पंधरा दिवसांच्या आत त्याने निम्मी रक्कम भरली आणि उरलेली दोन हप्त्यांत देण्याचे लिहून दिले. त्याला आता आम्ही रोखीनेच माल देतो.

हाच मसुदा बाकीच्या अठरांनाही पाठवावा, असे एकाचे मत होते. पगाराच्या तारखेची गोष्ट कळल्यावर त्याने ते स्वतःच मागे घेतले.

मयत डीलरच्या मुलाकडे मी तेराव्यानंतर गेलो. एकट्याच्या मालकीचे दुकान असले की मालकाबरोबर त्याने दिलेले मॅन्डेटही संपते. मुलाच्या नावावर नवा परवाना, नवे चालू खाते, आणि त्या खात्याचे नवे मॅन्डेट, हे सगळे क्रमाने करावे लागते. वडिलांकडे आमचे ४४,२०० येणे होते. मी तो विषय काढला नाही, त्यानेच वही आणली. वडिलांच्या अक्षरात आमच्या बिलांची नोंद होती, ३१ ऑक्टोबरच्या रकान्यासमोर रक्कम लिहिलेली आणि पुढे १० तारीख पेन्सिलीने. तो म्हणाला, “काका, १६ च्या पगारावर भरले असते त्यांनी.” मी त्याला सांगितले की आता मागणीची तारीखच १७ आहे. डिसेंबरभर त्याने तीन वेळा एनईएफटी करून ती रक्कम फेडली. नवे मॅन्डेट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मंजूर झाले आणि १७ जानेवारीची त्याची पहिली मागणी, ३२,४०० रुपयांची, जमा झाली.